आईची खरी रुंदी

माझ्यात एक खोड आहे आणि ती नोकरीनं लावलेली आहे. वाकडं, कमी-जास्त, मापाबाहेरचं मला लगेच दिसतं. अंबडच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटीत होतो. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, मापात असला तर पुढे पाठवायचा, नसला तर त्यावर लाल ठिपका देऊन बाजूला टाकायचा. सुपरवायझर, मॅनेजर, एकदोनदा तर प्रत्यक्ष मालक येऊन ‘अहो, एवढ्यानं काय होतंय, जाऊ द्या’ म्हणून गेले. मी जाऊ दिलं नाही. घरीही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर मला घास गोड लागत नाही. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोजचं इन्स्पेक्शन. ती जरा वाढवून सांगते, पण फार नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अशा माणसानं केलं हे लक्षात राहावं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आता अठरा वर्षं झाली. लग्नानंतर अडीच महिन्यांत आई गेली. पोटात गाठ होती. दुखणं सहन होईना तेव्हा दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून विचारलं, एवढे दिवस काय करत होतात? हे आठ-दहा महिन्यांचं दुखणं आहे, अंगावर दिसत असणार. बाबा म्हणाले, काही दिसत नव्हतं. मी शेजारी उभा होतो. मीही नाही म्हणून मान हलवली.

आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, देवळाली कॅम्पात शिंपी आहे. लष्करातल्या लोकांचे युनिफॉर्म शिवण्यात त्याचा हात धरणारा त्या बाजारात कोणी नव्हता. आईचे ब्लाउज आयुष्यभर त्यानंच शिवले. बहिणीच्या लग्नात आई नेसली त्या शालूवरचाही त्याचाच. तर आईच्या तेराव्याला जेवणं आटोपली, पाहुणे अजून सुपारी चघळत बसले होते, आणि मामा बाबांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. सगळ्यांदेखत म्हणाला, लग्नात अक्काच्या अंगावर ब्लाउज ढगळ लोंबत होता, तीन इंच उतरली होती माझी बहीण, तुमच्या घरात कुणाला डोळे नव्हते का दाजी? बाबांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि ते आतल्या खोलीत निघून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. माझं मामाकडे जाणं-येणंही लग्न-मर्तिकापुरतं उरलं, आणि तेही चोरून केल्यासारखं.

बाबांना ते वाक्य फार लागलं. ते मुळात कमी बोलणारे, सरकारी कचेरीत फायलींच्या मागे बसून आयुष्य काढलेले. भांडायचं कसं हे त्यांना माहीतच नाही. पण वर्ष-दोन वर्षं असं चालायचं, की जेवताजेवता मध्येच थांबून ते म्हणायचे, ‘नव्हतं रे दिसत.’ कोणी काही विचारलेलं नसायचं. मी म्हणायचो, हो बाबा, नव्हतं. मग आम्ही पुढे जेवायचो.

लग्नाच्या शूटिंगच्या तीन डीव्हीडी आल्या त्या आई गेल्यावर. मिक्सिंगला वेळ लागतो, असं तो शूटिंगवाला सांगत राहिला, आणि आम्हालाही घाई नव्हती. प्लास्टिकच्या पेटीवर गुलाबाची फुलं आणि त्यात नवरा-नवरीचे चेहरे. ती पेटी तशीच कपाटात गेली. अल्बम बहिणीबरोबर सासरी नागपूरला गेला होता, आणि त्यातही आई नव्हतीच म्हटलं तरी चालेल. मुलीची आई फोटोला कधी उभी राहते? मंगलाष्टकांच्या वेळी तर आमच्यात ती मांडवातही नसते, तुळशीपाशी जाऊन बसते. उरलेला वेळ कोठीघरात, पंगतीत, नाहीतर विहीणबाईंच्या मागे.

पाच-सहा वर्षांनी घरातला डब्यासारखा जुना टीव्ही बंद पडला आणि बाबांनी भिंतीवर टांगायचा मोठा, आडवा टीव्ही घेतला. त्या रविवारी त्यांनी आपणहून कपाटातून ती पेटी काढली. डिस्क लावली तर चित्र आडवं ताणलेलं. सुरुवातीचा गणपतीसुद्धा दोन्ही बाजूंनी सुटलेला. मला कुठलं राहवतंय. मी रिमोट घेऊन चित्र चौकोनी केलं, तर दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या. बाबा भडकले. एवढा टीव्ही काय पट्ट्या बघायला घेतला, पूर्ण कर म्हणाले. मी समजावू लागलो, की हे शूटिंग जुन्या टीव्हीच्या मापाचं आहे, ओढून नव्याच्या मापाचं केलं की माणसं जाडी दिसतात. तर म्हणाले, लग्नात सगळे जाडेच दिसतात, पूर्ण कर. घर त्यांचं, टीव्ही त्यांचा. मी पूर्ण केलं.

दुसऱ्या डिस्कवर आई आली. सगळी मिळून चार मिनिटं असेल. विहिणीची ओटी भरताना, मग कोणाला तरी हातानं जेवायला बोलावताना, आणि शेवटी पाठवणीच्या वेळी बहिणीच्या गळ्यात पडून रडताना. बाबा खुर्चीच्या कडेला सरकून बसले. मग पडद्याकडे हात करून म्हणाले, ‘कुठाय ढगळ? अंगासरशी बसलाय. गाल बघ, दंड बघ. ही बाई आजारी आहे?’

नव्हतीच. भरल्या अंगाची, गोबऱ्या गालांची बाई हसत विहिणीला हळदकुंकू लावत होती. त्या दिवसापासून बाबांना पुरावा मिळाला. घरी कोणी नातेवाईक आला, की चहा होईपर्यंत डीव्हीडी लागलेली असायची. बाबा नेमकं ते ठिकाण काढायचे आणि दाखवायचे. मामाचं नाव कधी घेत नसत, पण दाखवत असत ते मामालाच.

त्या डीव्हीडीची खोड मला ठाऊक होती, मीच ती पहिल्यांदा पकडली होती. गणपती रुंद दिसतो हे मला खुपलं, नवरदेव रुंद दिसतो हे खुपलं. आई रुंद दिसते हे एकदाही खुपलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ती तशीच हवी होती. डॉक्टर म्हणाले ते आठ-दहा महिने मी त्याच घरात राहत होतो. रोज सकाळी तिच्या हातून डबा घेऊन कामावर जात होतो.

यंदा उन्हाळ्यात मामा दुकानाच्या पायरीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं संपलं. पावसाळा सरता सरता त्याच्या मुलाचा मला फोन आला. पपा अंथरुणावर पडल्या पडल्या सारखी आत्याची आठवण काढतात, तुमच्याकडे तिचं चालतं-बोलतं काही असेल तर मोबाइलवर पाठवा म्हणाला. मी संध्याकाळच्या चहाला भीत भीत बाबांच्या कानावर घातलं. मला वाटलं, नाही म्हणतील. ते बशीतला चहा संपवून म्हणाले, ‘लग्नाचं पाठव. बघू दे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी.’

त्यात राग होता, पण नुसता राग असता तर मला पुढचा सगळा त्रास झाला नसता. बाबांनी एक्याऐंशी पूर्ण केली आहेत. त्यांना एवढंच हवं होतं, की आपण किंवा मामा जाण्याआधी, त्या माणसाच्या तोंडून एकदा यावं, की दाजी, तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं.

डीव्हीडी प्लेअर आता कोणाकडे उरलाय? आमचा केव्हाच बंद पडला होता आणि बाबा त्या पेटीकडे नुसते बघत असायचे. माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका रिपेरिंगच्या दुकानात बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळाला. दुकानदारानं तो कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून फुंकर मारली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. पहिली आणि तिसरी डिस्क निमूट चालली. दुसरी, म्हणजे आईची, सर्वांत जास्त बघितली गेल्यामुळे चरे पडून गेलेली. ती बाबांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं मधून कडेकडे पुसत राहिलो, तेव्हा तिसऱ्या खेपेला ड्राइव्हनं ती घेतली.

मग रूपांतर. डिस्कवरचा मजकूर चार जीबीच्या वर असतो, तो दाबून सात-आठशे एमबीत बसवायचा. जुन्या शूटिंगमध्ये कोणी हललं की कडांना फणीच्या दातांसारख्या रेषा येतात, त्या काढायच्या. हे सगळं मी इंटरनेटवर वाचून शिकलो. निवृत्त माणसाला दुपारी दुसरं काय असतं? एका दुपारी फाइल तयार झाली. उघडली, तर तोच सुटलेला गणपती. म्हणजे टीव्हीचा दोष नव्हताच. डिस्कवरच्या चित्राबरोबर एक शिक्का असतो, हे किती रुंद करून दाखवायचं ते सांगणारा. आमच्या मिक्सिंगवाल्यानं चारास तीनच्या, म्हणजे जुन्या टीव्हीच्या मापाच्या चित्रावर नव्या रुंद टीव्हीचा सोळास नऊचा शिक्का मारून ठेवला होता. टीव्ही बिचारा सांगितलं तेवढंच करत होता.

पण अंदाजावर मी कधी नग नापास केला नाही. स्टेजवर नवरा-नवरीच्या मागे थर्माकोलचा मोठा गोल होता, त्यावर दोघांची नावं. शूटिंगवाल्यानं तो अगदी समोरून घेतला होता. मी चित्र तिथं थांबवलं, कपाटातून माझा व्हर्नियर काढला आणि पडद्याला लावला. रुंदी ब्याण्णव मिलिमीटर, उंची एकोणसत्तर. भागाकार केला तर एक पूर्णांक तेहेतीस. सोळास नऊ आणि चारास तीन यांच्यात फरक तेवढाच असतो, दशांशापर्यंत. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून तो भागाकार दाखवला. ती बघून गेली.

शिक्का बदलून पुन्हा फाइल केली. गोल पुन्हा मोजला. एकोणसत्तर बाय एकोणसत्तर. गणपती आटोपशीर झाला, नवरदेव माणसात आला. माझे बाबा, तेव्हाचे, सडसडीत आणि ताठ, मला एकदम ओळखीचे वाटले. सगळं पटापट पुढे ढकलत मी दुसऱ्या डिस्कवरच्या त्या जागी आलो.

ओटी भरणाऱ्या त्या बाईला आधी मी ओळखलं नाही. म्हणजे ती आई आहे हे कळत होतं, पण ही कोण, असं वाटलं. गालफडं बसलेली. जबड्याचं हाड वर आलेलं. गळ्याखालची दोन हाडं मंगळसूत्राच्या दोन्ही बाजूंना उघडी. विहिणीच्या ओटीत नारळ घालताना हात वर गेला तर हिरव्या बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या, आणि तिनं त्या दुसऱ्या हातानं खाली ओढून घेतल्या, सवय असल्यासारख्या. हसत होती. डोळे चेहऱ्याच्या मानानं फार मोठे दिसत होते.

माझं पहिलं काम काय, तर मी परत जाऊन तो थर्माकोलचा गोल मोजला. वाटलं, मी चुकलोय, जास्तच दाबलंय. एकोणसत्तर बाय एकोणसत्तर. तिसऱ्यांदा मोजला. मग व्हर्नियर मिटून ठेवला आणि हातात तोंड धरून बसलो. कारखान्यात शंभरात एक नग केसभर चुकलेला मी लांबून ओळखत असे. जी रोज माझ्यासमोर पोळी वाढत होती, तिच्यातलं एवढं गेलेलं मला दिसलं नव्हतं. की दिसलं होतं? लग्नघाई आहे, धावपळ आहे, बारीक होणारच, असं आम्हीच एकमेकांना म्हणत होतो, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. असं म्हणत होतो म्हणजे दिसत होतं.

दोन दिवस मी बाबांना सांगत राहिलो, अजून चाललंय, वेळ लागतो. ते रोज सकाळी आंघोळ झाली की माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारायचे, झालं का? धोतराचा सोगा हातात, केस ओले. मी त्यांच्याकडे न बघता नाही म्हणायचो. ही फाइल त्यांना दाखवली असती, तर ज्या पुराव्यावर ते बारा वर्षं उभे होते तो मीच त्यांच्या पायाखालून काढून घेतला असता. ती आधी मामाला पाठवली असती, तर मामाच्या तोंडून त्यांना पुन्हा तेराव्याचंच ऐकावं लागलं असतं, आणि या वेळी उत्तर द्यायला काही नसतं. पाठवूच नये तर बाबा विचारायचे थांबणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी ताणलेली फाइल केली. नुसता चुकीचा शिक्का ठेवून नाही. शिक्का कोणीही बदलू शकतं. मी चित्रच मुळातून ओढून रुंद केलं, एक हजार चोवीस बाय पाचशे शहात्तर, म्हणजे कुठल्याही फोनवर, कुठल्याही टीव्हीवर ते तसंच दिसेल. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते केलं. माप माहीत असून चुकलेला नग पास केला.

बाबांनी ती फाइल पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावून पाहिली. समाधान झालं. म्हणाले, पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतंय. मी आईच्या त्या चार मिनिटांचा तुकडा काढून मामाच्या मुलाला पाठवला, आणि बाबा त्यांचा फोन शर्टाच्या खिशात घालून हिंडू लागले.

उत्तर तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. मामानं मुलाच्या फोनवरून आवाज पाठवला होता. बाबांना तो कसा लावायचा कळेना, म्हणून मी लावून दिला आणि जाऊ लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरून मला बसवलं. मामाचा आवाज बारीक झाला होता. ‘दाजी, मी बघितलं. अक्का चांगली दिसते. तेराव्याला मी बोललो ते माझं चुकलं. चारचौघांत बोललो. तुमचा काही दोष नव्हता. मला माफ करा.’

बाबांनी ते तीन वेळा ऐकलं. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि मला म्हणाले, म्हणावं, झालं गेलं, तब्येतीची काळजी घे. त्या रात्री जेवताना त्यांनी पोळी मागून घेतली. एका म्हाताऱ्याला मी त्याच्या खऱ्याबद्दल माफी मागायला लावली होती, तीही अंथरुणावरून.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन कॅम्पला गेलो. बाबांना सांगितलं, मामाला भेटून येतो. त्यांनी स्वतः नुकतीच उतरवलेली सीताफळं पिशवीत घालून दिली, ती मला वाटेत वडनेर गेटपर्यंत पुन्हा पुन्हा बघावीशी वाटत होती. मामाची खाट दुकानाच्या मागच्या खोलीत होती. खालचं अंग चादरीखाली, वरचं अंग स्वच्छ बनियनमध्ये, दाढी केलेली. मुलगा पुढे दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेत होता. चहा झाला आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चित्र ताणलेलं होतं, मला माहीत होतं, मी मुद्दाम पाठवलं, बाबांना यातलं काही ठाऊक नाही. मामा, तुझंच खरं होतं.

मामाला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, मला पहिल्या झटक्यात कळलं. त्या शालूला फॉल मीच लावला होता, त्यावरची बुट्टी गोल होती. तू पाठवलं त्यात ती अंड्यासारखी दिसत होती. कापड आडवं ताणलं की असं होतं, पन्नास वर्षं कापडच बघतोय मी.

मग माफी का मागितलीस, मी विचारलं. दाजींचं वय बघून का?

त्यानं लॅपटॉपकडे बोट केलं. म्हणाला, नीट केलेलं आणलंय का? दाखव. मी लॅपटॉप त्याच्या छातीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवला आणि लावून दिला. आई ओटी भरू लागली. मामाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बांगड्या कोपराकडे घसरल्या तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि उघडले.

‘थांबव,’ तो म्हणाला. ‘आता ब्लाउज बघ. ढगळ दिसतोय?’

मी पाहिलं. नव्हता ढगळ. पाठीत, काखेत, खांद्याला, कुठे चुणी नव्हती. आई अर्धी झाली होती आणि ब्लाउज तिला बसला होता.

‘तेराव्याला मी खोटं बोललो. लोंबत-बिंबत काही नव्हता. लग्नाच्या दहा दिवस आधी अक्का इथं आली होती, तिथं त्या आरशापुढं उभी होती. जुन्या मापानं शिवलेला घातला तर तीन इंच जास्त. मीच आत घेतला. म्हटलं, अक्का, तीन इंच उतरली तू. तर हसली. म्हणाली, बरंय की, विहीणबाईसमोर बारीक दिसेन. आणि मीपण हसलो. टेप माझ्या गळ्यात होती बघ. घरात तुम्ही कोणी मोजत नव्हता, तुम्हाला काय कळणार. मी मोजलं होतं.’

बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. म्हणाला, दाजींवर ओरडलो कारण दुसऱ्या कुणावर ओरडायला मला धीर नव्हता. तू पाठवलंस त्याचं निमित्त झालं, माफी मागायची राहिलीच होती. पुढचं मात्र त्यांना सांगायला जीभ रेटली नाही. मी म्हणालो, मामा, तू डॉक्टर नाहीस. तो म्हणाला, दाजी तरी कुठे होते?

मी लॅपटॉप उचलायला हात पुढे केला, तर त्यानं माझा हात बाजूला सारला आणि अंगठा आणि तर्जनी पसरून पडद्यावर आईच्या दंडाला लावली. दुकानात गिऱ्हाइकाच्या बाहीचा अंदाज घेताना लावायचा तशी.

‘बाहीत सैल आहे,’ तो म्हणाला. ‘अर्धा इंच तरी. दंडाला मी अगदी बेतानं घेतला होता. म्हणजे त्या दहा दिवसांत ती आणखी उतरली होती.’ त्याची बोटं पडद्यावरच होती. ‘लग्नाच्या दिवशी मी पंगतीत बसलो होतो रे. जिलेबी वाढायला तीच आली होती. दोनदा आली.’

त्या पंगतीत मीही बसलो होतो.